पीव्हीसीचा पाइप आणि किल्ल्यातले उंदीर

गेल्या सायक्लोननंतर आमच्या शाळेच्या आवारात पाण्याचा पाइप बदलण्याचे काम निघाले. नवा करड्या रंगाचा पाइप भिंतीला टेकवून ठेवला होता. मधल्या सुट्टीत सहावीचा एक मुलगा त्यावरची अक्षरे वाचत उभा होता. मला पाहताच त्याने विचारले, "गुरुजी, पीव्हीसी म्हणजे काय? यातला व्ही कशाचा?" मी म्हटले, "व्हायनिलचा." "म्हणजे काय?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिक्षकाला 'उद्या सांगतो' म्हणण्याची सवय असते, मीही तेच म्हटले. पण या वेळी त्या उद्याला तीन आठवडे लागले, कारण एका अक्षरामागे एक लांबलचक हकीकत निघाली. तिच्यात इटलीतील एक जुना किल्ला आहे, हजारो उंदीर आहेत आणि अमेरिकेतील एका कारखान्याच्या कामगारांचे मृत्यू आहेत. मुलाला मी थोडक्यात सांगितले, वाचकांसाठी जरा सविस्तर लिहितो.

व्हायनिल क्लोराइड हा रंग नसलेला एक वायू आहे. त्याचे सुटे कण म्हणजे मणी समजा. मोठ्या बंद भांड्यात दाबाखाली हे मणी एकमेकांना जोडले जातात आणि त्यांची लांबच लांब माळ तयार होते. ती माळ म्हणजे पीव्हीसी. पाइप, रेनकोट, विजेच्या तारांवरचे वेष्टन, स्वस्त चपला, सगळे याच माळेचे. ज्या लाँग-प्लेइंग रेकॉर्डींवर आपण भजने आणि नाट्यपदे ऐकली, त्याही याच घराण्यातल्या. येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी घाबरून घरातले पाइप उपटायला जाणार नाही. माळ एकदा ओवली गेली की मणी सुटून हवेत उडत नाहीत. तयार मालात सुटा वायू किती उरावा यावर आता कडक बंधने आहेत. फक्त जुने पाइप आणि चपला अंगणातल्या पाचोळ्याबरोबर जाळू नका. त्या धुरात आम्ल असते आणि आणखीही विषारी द्रव्ये असतात. धोका खरा होता तो मणी ओवणाऱ्यांना.

एखादी वाफ विषारी आहे की नाही हे कसे ठरवतात? ठरलेली रीत अशी. उंदरांचे काही गट घ्यायचे, प्रत्येक गटाला वेगवेगळ्या प्रमाणात ती वाफ मिसळलेली हवा चार तास द्यायची आणि मग चौदा दिवस त्यांच्यावर नजर ठेवायची. ज्या प्रमाणात निम्मे उंदीर मरतात, तो आकडा त्या वाफेच्या नावापुढे लिहिला जातो. आकडा जितका लहान, तितकी वाफ जहाल. १९८१ मध्ये या रीतीला आंतरराष्ट्रीय नियमावलीचे रूप मिळाले, पण प्रयोग त्याआधीपासून होत होते.

या परीक्षेत व्हायनिल क्लोराइड अगदी आरामात पास झाला होता. फार मोठ्या प्रमाणात दिला तर उंदीर पेंगुळत, मोकळ्या हवेत आणले की पुन्हा हिंडू लागत. एके काळी तर शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी त्याचा विचार झाला होता. पण प्राण्यांच्या हृदयाचे ठोके बिघडतात असे दिसल्यावर तो नाद सुटला. केसांवर मारायच्या फवाऱ्याच्या डब्यांतसुद्धा तो भरलेला असे! अमेरिकेत कारखान्याच्या हवेत त्याचे दहा लाखांत ५०० भाग चालतील असे कित्येक वर्षे मानले जात होते.

दहा लाखांत इतके भाग, ही भाषा मुलांना कळत नाही आणि मोठ्यांनाही फारशी कळत नाही. म्हणून मी फळ्यावर आमच्याच वर्गाचे गणित मांडले. खोली सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वातीन मीटरहून थोडी उंच. तिच्यात साधारण एक लाख लिटर हवा मावते. दहा लाखांत एक भाग म्हणजे या सबंध खोलीत फक्त अर्धा पेला वायू. दहा लाखांत पन्नास म्हणजे पाच लिटरचा एक डबा. पाचशे म्हणजे असे दहा डबे. हे आकडे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत. आणखी एक गोष्ट अशी की, माणसाच्या नाकाला या वायूचा वास येण्यासाठी दहा लाखांत सुमारे तीन हजार भाग असावे लागतात. म्हणजे नाकावर भरवसा ठेवून काही उपयोग नाही.

ज्या भांड्यात मण्यांची माळ होते, त्याच्या आतल्या भिंतींना घट्ट थर चिकटून बसत असे. तो काढायला माणूस आत उतरत असे. हातोडी आणि छिन्नीने खरवडता खरवडता थराखाली अडकलेला वायू बाहेर पडे आणि माणसाला गरगरल्यासारखे होई. १९६० नंतरच्या काही वर्षांत या कामगारांच्या बोटांचा एक विचित्र आजार उघडकीस आला. बोटे थंडीने पांढरी पडत, दुखत, आणि टोकाची हाडे हळूहळू विरघळून जात. असा आजार डॉक्टरांनी पूर्वी क्वचितच पाहिला होता.

इटलीत सोल्वे कंपनीच्या रोझिन्यानो येथील कारखान्याचे डॉक्टर पिएरलुइजी व्हिओला यांनी ठरवले की, उंदरांमध्ये हाच आजार उत्पन्न करून त्याचे कारण शोधावे. त्यांनी उंदरांना रोज चार तास, आठवड्यातून पाच दिवस, बारा महिने हा वायू हुंगवला. प्रमाण दहा लाखांत ३०,००० भाग, म्हणजे आमच्या वर्गात तीन हजार लिटर. वेळापत्रक मुद्दाम कामगाराच्या पाळीसारखे होते, शनिवार-रविवार सुट्टी. व्हिओला बोटांची हाडे तपासायला बसले होते, पण त्यांना सापडले भलतेच. उंदरांना कर्करोग झाला होता, त्वचेत, फुप्फुसांत, हाडांत. मे १९७० मध्ये ह्यूस्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत त्यांनी हे सांगितले आणि १९७१ मध्ये ते छापले गेले.

कारखानदारांनी म्हटले की, इतका वायू कोणता कामगार हुंगतो? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. शिवाय यांतल्या पुष्कळ गाठी कानाजवळच्या एका ग्रंथीत होत्या, आणि ती ग्रंथी माणसाला नसतेच. म्हणून कमी प्रमाणावर नीट, मोठा प्रयोग व्हायला हवा होता. युरोपातल्या कंपन्यांनीच पैसे पुढे केले. इटलीची माँटेडिसन, तिच्यासोबत ब्रिटनची आय.सी.आय., बेल्जियमची सोल्वे आणि फ्रान्सची रोन-प्रोजील. काम सोपवले गेले बोलोन्याचे कर्करोगतज्ज्ञ चेझारे माल्तोनी यांच्याकडे.

माल्तोनींची प्रयोगशाळा बोलोन्याजवळ बेंतिवोल्यो गावातील पंधराव्या शतकाच्या किल्ल्यात होती. सरदारांच्या त्या दालनांत आता उंदरांचे पिंजरे होते. वाफ हुंगवण्याचे कक्ष कसे असतात हे मला आधी ठाऊक नव्हते, म्हणून थोडे लिहितो. अशा प्रयोगात उंदीर तारेच्या पिंजऱ्यांत घालून बंद कक्षात ठेवतात. एका बाजूने मोजून घेतलेला वायू हवेत मिसळून आत सोडतात, दुसऱ्या बाजूने ती हवा ओढून घेतात. किती वायू सोडला यावर भागत नाही. उंदरांच्या नाकाशी किती पोहोचला हे पाहावे लागते, म्हणून कक्षातली हवा वरचेवर काढून तपासतात. आतली उष्णता आणि दमटपणाही सांभाळावा लागतो. नाही तर उंदीर उकाड्यानेच मरायचा आणि दोष वायूवर यायचा. उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो, तोंडाने नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

आणि एक गट असतो ज्याला काहीच दिले जात नाही. तसाच पिंजरा, तेच खाणे, तीच जात, फक्त वायू नाही. मुलांना विज्ञान शिकवताना माझा अनुभव असा आहे की, हा गट त्यांना फुकटचा वाटतो. "त्यांना काही होणारच नाही, मग ते कशाला?" म्हणूनच तर! म्हाताऱ्या उंदराला नुसत्या वयानेही गाठी होतात. या गटाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणती गाठ वयाची आणि कोणती वायूची हे कळणार कसे?

माल्तोनींनी १९७१ मध्ये सुरुवात केली. दहा लाखांत १०,००० भागांपासून पायरी पायरीने खाली येत ६,०००, २,५००, ५००, २५० आणि ५० असे गट केले. रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस, ५२ आठवडे. पण त्यांची खरी हुशारी पुढे दिसते. वर्ष संपल्यावर त्यांनी उंदीर मारले नाहीत. प्रत्येक उंदराला त्याच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत जगू दिले आणि मेल्यावर त्याचे शरीर बारकाईने तपासले. पहिला प्रयोग १३५ आठवडे चालला. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. माणसाला जो रोग वीस वर्षांनी गाठतो, तो उंदराला म्हातारपणी गाठतो. वर्षाअखेरीस प्रयोग बंद केला असता, तर पुष्कळ उंदीर निरोगी म्हणून नोंदले गेले असते. पुढे प्रयोगांची संख्या वाढत गेली आणि एकंदर सुमारे सात हजार प्राणी त्यांत वापरले गेले.

१९७२ च्या अखेरीस माल्तोनींना उंदरांच्या यकृतात एक कर्करोग दिसला. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघणारा, अँजिओसार्कोमा नावाचा. हा रोग माणसांतही होतो, पण इतका विरळा की पुष्कळ डॉक्टरांना सबंध नोकरीत तो एकदाही दिसत नाही. आणि तो नुसता १०,००० च्या गटात नव्हता, २५० च्या गटातही होता. अमेरिकेत कायद्याने चालणारे प्रमाण होते ५००! म्हणजे आमच्या वर्गात दहा डबे चालतील असे कायदा म्हणत होता, आणि उंदीर पाच डब्यांत मरत होते.

इथपर्यंत ही विज्ञानाची गोष्ट आहे आणि ती सांगताना मला आनंदच होतो. यापुढची गोष्ट कपाटाच्या कुलपाची आहे.

ऑक्टोबर १९७२ मध्ये युरोपातल्या कंपन्यांनी आणि अमेरिकेतल्या कारखानदारांच्या संघाने आपसात करार केला होता. माल्तोनींचे निष्कर्ष अमेरिकेच्या कंपन्यांना कळतील, पण युरोपीय कंपन्यांच्या संमतीशिवाय ते बाहेर फुटणार नाहीत. जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकन कंपन्यांची माणसे बेंतिवोल्योला जाऊन सर्व पाहून आली. त्याच सुमारास अमेरिकेची व्यवसायजन्य आरोग्याची सरकारी संस्था, नायॉश, या वायूविषयी कोणाजवळ माहिती असेल तर द्या असे जाहीरपणे विचारत होती. जुलै १९७३ मध्ये कारखानदारांचे प्रतिनिधी त्या संस्थेला भेटले. व्हिओलांच्या छापून आलेल्या प्रयोगाचा विषय निघाला. २५० भागांवर यकृताचा कर्करोग दिसला आहे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ही सारी कागदपत्रे पुढे कोर्टातल्या खटल्यांमुळे बाहेर आली आणि जेराल्ड मार्कोविट्झ व डेव्हिड रोझनर या दोन इतिहासकारांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात ती तपशीलवार मांडली.

त्या जुलैत केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे गुडरिच कंपनीच्या कारखान्यात माणसे नेहमीप्रमाणे कामावर येत होती. तेथे पीव्हीसी तयार होत असे. कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच हे शल्यविशारदही होते, आणि कामगारांच्या बोटांच्या आजाराची नोंद करणाऱ्यांपैकी एक होते. सप्टेंबर १९७१ मध्ये तेथील एक कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने दगावला होता. मार्च १९७३ मध्ये दुसरा. डिसेंबर १९७३ मध्ये तिसरा दगावला तेव्हा क्रीच यांनी जुनी प्रकरणे आठवून एकत्र केली. सबंध अमेरिकेत वर्षाला जेमतेम काही डझन लोकांना होणारा रोग एका कारखान्यातल्या तीन माणसांना! हा योगायोग असू शकत नाही, हे ओळखायला आकडेशास्त्र लागत नाही. जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने ही माहिती सरकारला आणि जनतेला दिली. थोड्याच दिवसांत चौथे नाव निघाले.

तीनशे वर्षांपूर्वी त्याच इटलीत बेर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली, 'तुम्ही काम काय करता?' लुईव्हिलमध्ये हा प्रश्न उपयोगी पडला तो केवळ रोग विरळा होता म्हणून. हाच वायू जर एखादा नेहमीचा कर्करोग देत असता, तर त्या तीन मृत्यूंकडे कोणी वळूनही पाहिले नसते असे मला वाटते.

किल्ल्यातली बातमी वर्षभर आधी फुटली असती, तर लुईव्हिलचा तो तिसरा माणूस वाचला असता का? नाही. त्याचा रोग कित्येक वर्षांपूर्वी पेरला गेला होता. उगाच दोष वाढवून सांगण्यात अर्थ नाही. पण १९७३ चे सबंध वर्ष भांड्यात उतरत राहिलेले जे कामगार, त्यांना विचारायला हवे होते. आपण काय हुंगतो आहोत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि जे जाणत होते त्यांनी सही केली होती.

पुढचे सारे झपाट्याने झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये माल्तोनींचे निष्कर्ष अमेरिकेत उघडपणे मांडले गेले. एप्रिलमध्ये सरकारने तातडीचा हुकूम काढून मर्यादा ५०० वरून ५० वर आणली. पण ५० भागांवरही प्राण्यांना गाठी होतात असे दिसताच, ऑक्टोबर १९७४ मध्ये ती आठ तासांच्या सरासरीने एक भागावर आणली. दहा डब्यांवरून अर्धा पेला! फवाऱ्याच्या डब्यांतूनही हा वायू त्याच वर्षी काढला गेला. कारखानदारांनी मोठा ओरडा केला की धंदा बुडेल, लाखो नोकऱ्या जातील. कोर्टात गेले, तेथे हरले. एप्रिल १९७५ पासून नियम लागू झाला आणि धंदा काही बुडाला नाही. भांडी माणसाऐवजी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली जाऊ लागली, सांधे घट्ट झाले, वाया जाणारा वायू परत पकडला जाऊ लागला. वाया जाणारा वायू म्हणजे वाया जाणारा पैसा, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे दिसते. खुद्द गुडरिच कंपनी हे नवे तंत्र पुढे इतरांना विकू लागली.

उंदरांच्या प्रयोगांबद्दल लिहिताना एक काळी बाजू झाकून ठेवता येत नाही. अमेरिकेतील इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची प्रयोगशाळा त्या काळी शेकडो रसायनांची प्राण्यांवर परीक्षा करीत असे. १९७६ मध्ये सरकारी तज्ज्ञ एड्रियन ग्रॉस तिच्या वह्या चाळू लागले, तेव्हा मेलेले उंदीर पुन्हा जिवंत झाल्यासारखे आकडे निघाले. एका खोलीत पाणी पाजण्याचे यंत्र बिघडून उंदीर बुडून मरत, तिला कामगार 'दलदल' म्हणत. कुजून गेल्यामुळे न तपासलेल्या उंदरांसाठी वहीत तीन अक्षरांची खूणच ठरलेली होती. १९८३ मध्ये तिच्या तीन अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. उंदीर खोटे बोलत नाही हे खरे, पण त्याची वही माणूस लिहितो.

उसाच्या शेतात उंदीर आपला शत्रू, आणि चतुर्थीला तोच गणपतीच्या पायाशी. मला स्वतःला उंदरांचे हे हाल वाचून बरे वाटले नाही हे कबूल करतो. आता नियम बदलले आहेत. कमी उंदरांत भागेल अशा रीती निघाल्या आहेत, माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवरच वाफ सोडण्याचे काम चालू आहे. ते लवकर साधो. पण किल्ल्यातले ते सात हजार प्राणी मेलेच होते. मला राग येतो तो त्यांचे सांगणे कुलपात ठेवल्याचा. एवढे करून ऐकायचेच नव्हते, तर त्यांना मारले कशाला?

हा वायू आजही जगभर लाखो टन तयार होतो आणि टाक्यांत भरून रेल्वेने हिंडतो. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ मालगाडी रुळांवरून घसरली. तिच्या पाच डब्यांत व्हायनिल क्लोराइड होता. स्फोटाच्या भीतीने ६ तारखेला तो मुद्दाम बाहेर काढून जाळला गेला, गावकऱ्यांना घरे सोडावी लागली, आणि काळ्या धुराचा लोट साऱ्या जगाने पाहिला. पुढे चौकशीत ठरले की जाळण्याची गरजच नव्हती. वायूचा माल बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणे तसेच होते, पण ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. पन्नास वर्षांनी पुन्हा तेच, माहिती एका खोलीत आणि माणसे दुसऱ्या.

हे सारे मी त्या मुलाला पाइपाजवळच उभा राहून सांगितले. नळवाला पाइपाचे सांधे चिकटवत होता. छोट्या डब्यातला गोंद, त्याचा उग्र वास नाकात जात होता. मुलाने डब्याकडे बोट दाखवले. "गुरुजी, हा वाससुद्धा उंदरांना दिला असेल का?"

मी डबा उचलून चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. पहिलेच नाव होते टेट्राहायड्रोफ्युरान. घरी येऊन शोधले. होय, दिला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांना रोज सहा तास, आठवड्याला पाच दिवस, दोन वर्षे तो हुंगवला आणि १९९८ मध्ये अहवाल छापला. मोठ्या प्रमाणावर काही नर उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी दिसल्या होत्या. हा अहवाल कुलपात नाही, कोणालाही वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी नळवाला स्वच्छतागृहाच्या आत, दार लोटून घेऊन सांधे चिकटवत बसला होता. त्या मुलाने जाऊन दार उघडले, वरची झडप उघडली आणि आत अडवायला एक वीट ठेवली.